गांजाच्या संग्रहालयातली बरणी

१

सोमवारी सकाळी न्ताते मोहापींनी, म्हणजे मोहापीबाबांनी, संग्रहालयाचं दार उघडलं, दिवा लावला आणि मधल्या कपाटापाशी येऊन ते जागच्या जागी थबकले. कपाटाला कुलूप होतं. काच शाबूत होती. आत एलंड हरणाच्या शिंगाची जुनी चिलीम आपल्या जागी होती. पण मधोमध, जिथे काचेची मोठी बरणी असायची, तिथे धुळीत एक स्वच्छ गोल तेवढा उरला होता.

मोहापींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. गोल तसाच होता.

बरणीत बी होतं, गांजाचं. मात्लापेंगच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या पेरलं जाणारं. खोरं धरणाखाली गेलं, गाव उठलं, आणि ते बी फक्त या बरणीत उरलं, असं मोहापी शाळेच्या पोरांना दर सहलीत सांगत. परवा बुधवारी राजधानी मासेरूहून मंत्री येणार होते. डोंगरापलीकडे मोठमोठ्या काचघरांत औषधाचा गांजा पिकवणारी कंपनी समारंभानं बरणी उघडून बी तपासायला नेणार होती. त्या बदल्यात संग्रहालयाचं गळकं छप्पर नवं होणार होतं.

मोहापी धावत पोलीस ठाण्यात गेले. तिथे पोचण्याआधीच चोर कोण ते त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"सेआबाता!" ते धापा टाकत म्हणाले. "ते बी जिनं दिलं त्या म्हातारीचा, मासेआबाताचा पोरगा. शनिवारी शाळेची पोरं समोर असताना माझ्यावर ओरडून गेलाय. 'आमचं बी परत द्या, नाहीतर बघून घेईन!'"

तासाभरात सेआबाता घाटात सापडला. घोड्याच्या खोगिराखाली अर्धं पोतं गांजा होता. बरणी मात्र नव्हती.

२

इन्स्पेक्टर केनेउवे फाफोली दुपारी पोचली तेव्हा तिचं डोकं आधीच तापलं होतं. जीपचं दार लागत नव्हतं, म्हणून अख्खा घाट ते एका हातानं धरून ती आली होती. त्याहून जास्त झोंबत होतं ते साहेबांचं फोनवरचं हसणं.

"तूच जा केनेउवे. त्या झाडाची तुझ्याइतकी ओळख कुणाला?"

ओळख होतीच. उमेदीची सगळी वर्षं तिनं डोंगरातली गांजाची शेतं जाळण्यात घालवली होती. मग एक दिवस कायदा बदलला. परवाना घेईल त्याला गांजा पिकवायची मुभा झाली. परवाना परवडला काचघरवाल्यांना. डोंगरातल्या बायाबापड्या होत्या तिथेच राहिल्या. आणि आता तिनं गांजाच्या संग्रहालयातली चोरी शोधायची! देव थट्टा करायला बसला की अशी करतो.

मोहापींनी चहा पुढे केला आणि सांगून टाकलं, "चोर तर सापडलाय. तुम्ही फक्त त्याच्याकडून बरणी काढून द्या. बुधवारच्या आत."

"न्ताते, कुलूप फोडलेलं नाही. किल्ली कुठे असते?"

"माझ्या खोलीत, दारामागच्या खिळ्याला."

"हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

मोहापी जरा घुटमळले. "तसं... सगळ्यांनाच."

"आणि किल्ली आता?"

"खिळ्यालाच आहे."

केनेउवेनं कपाळाला हात लावला. "म्हणजे चोरानं कुलूप उघडलं, बरणी काढली, कुलूप पुन्हा लावलं आणि किल्ली नीट जागेवर टांगली. तुमच्यावर ओरडून जाणारा घोडेस्वार इतका टापटिपीचा असतो?"

"तो महा बिलंदर आहे," मोहापी ठासून म्हणाले. ते निवृत्त इतिहासशिक्षक होते. एकदा सांगितलेलं चुकलं असं म्हणायची सवयच त्यांना नव्हती.

३

सेआबाता कोठडीत भिंतीला टेकून, ब्लँकेट गुंडाळून बसला होता. केनेउवेला पाहून तो कडवट हसला.

"तुम्हीच ना त्या, जाळणाऱ्या? तुमच्या गाडीची धूळ दिसली की आम्ही पोरं डोंगरावरून शिट्ट्या मारायचो."

"ऐकल्यात त्या शिट्ट्या. बरणी कुठाय?"

"माझ्याच घरचं बी मी चोरीन कशाला? मागायला गेलो होतो. मोहापीनं हाकललं, निघून आलो."

"मागायला, का धमकवायला?"

"काचघरवाल्यांच्या घशात घालणार आहेत ते बी! त्यांनी एकदा नेलं की त्यांच्या नावावर. मग आमचंच बी आम्हाला चोरून पेरावं लागणार." तो जमिनीकडे बघत राहिला. मग एकदम उसळला. "आणि आई म्हणते, देऊ देत! खोरं बुडताना जिनं भांडी मागे टाकली आणि बियांची पिशवी छातीशी धरली, ती चुलीपुढे बसून म्हणते, नेऊ देत की रे, नेऊ देत!"

केनेउवेला ते जरा विचित्र वाटलं. पण म्हातारी माणसं थकतात, हात सोडून देतात. तिनं ते तिथंच सोडलं.

"आणि पोतं?"

"पोतं माझं आहे," सेआबाता म्हणाला. "ते कुठे नाकारतोय?"

बाहेर फौजदार टेबलावर पाय टाकून बसला होता. "काय, कबूल झाला?"

"जे केलं तेवढंच कबूल करतोय," केनेउवे म्हणाली. "हीच तर पंचाईत आहे."

४

काचघरवाल्यांचा शेतीतज्ज्ञ पाकिसो हा तरुण माणूस, स्वच्छ बुटांचा. तो संग्रहालयाच्या पायरीवर येरझाऱ्या घालत होता.

"कंपनी माझं डोकं खाईल," तो म्हणाला. "आणि तुम्ही माझ्याकडे असं बघू नका, म्मे." 'म्मे' म्हणजे आई; बायकांना मानानं तशीच हाक मारत. "मला चोरी करायची असती तर बरणी कशाला उचलली असती? चार बिया बुटात घातल्या तरी माझं काम झालं असतं. कुणाला पत्ताही लागला नसता."

"घातल्यात का?"

"नाही. मोहापींकडे मागितल्या होत्या. ते म्हणाले, समारंभाला मिळतील, तोवर काचेतून बघा." तो वैतागून हसला. "आणि बघायचं तरी काय? बरणीच्या डोक्यावर तो जुना पिवळा बल्ब. हात लावला तर चटका बसायचा. मी म्हटलं, न्ताते, बी भाजून काढाल अशानं. म्हणाले, लिखाफाला सांगतो बदलायला."

"बदलला?"

"बदलला. पण अख्खा हिवाळा गेल्यावर."

लिखाफा ही संग्रहालयातली एकुलती एक नोकरदार. सहलीला आलेल्या पोरांना माहिती ती सांगायची, फरशीही तीच पुसायची. केनेउवेनं तिला गाठलं ते मागच्या खोलीत. खिडकीशी पोरांनी पेरलेले डबे ओळीनं मांडले होते आणि लिखाफा त्यांना पाणी घालत होती. घेवडा वर आला होता, ज्वारी टरारली होती. टोकाच्या दोन डब्यांत मात्र नुसती काळी माती होती, ओली.

"शनिवारी पोरं गेल्यावर शेवटी बाहेर कोण पडलं?"

"मीच. रविवारी चर्चला गेले. नंतर इकडे फिरकले नाही." लिखाफा डोळे वर करत नव्हती. "सेआबातानं नाही घेतली हो, म्मे. तो तोंडाचा फटकळ आहे, पण चोर नाही."

"मग कुणी घेतली? पाकिसोनं?"

"पाकिसो कशाला घेईल? त्याची तर निराशाच झाली असती." तिनं झारी ठेवली आणि एप्रनला हात पुसले. "मला पोरांची भांडी धुवायची आहेत. जाऊ?"

केनेउवेनं मान हलवली. दिवसभरात तिला तीन कप चहा मिळाले होते आणि एक उपयोगी शब्द नाही. फोनला रेंज नव्हती. घाट चढून रेंजमध्ये आल्यावर साहेब म्हणाले, "पोतं सापडलंय ना? मग तोच चोर. निघून ये." तिनं फोन ठेवला आणि जीपचं दार इतक्या जोरात आपटलं की ते पुन्हा उघडलं.

त्या उघड्या दाराकडे बघत असतानाच तिला लिखाफाचं वाक्य आठवलं. ती तशीच खाली उतरली आणि रस्त्यातच उभी राहिली.

पाकिसोची निराशा? ती का?

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळ्यांना संग्रहालयात बोलावलं. मोहापी बुधवारसाठी इस्त्री केलेला टाय आदल्या दिवशीच लावून आले होते. पाकिसो घड्याळ बघत होता. लिखाफा दाराशी उभी होती. तेवढ्यात उंबरठ्यावर काठी वाजली आणि म्हातारी मासेआबाता आत आली. डोंगर चालून आली होती. ब्लँकेटच्या कडा दवानं भिजलेल्या होत्या.

"माझ्या पोराचं काय केलंत, ते विचारायला आले," ती म्हणाली आणि कुणी म्हणायच्या आधीच बाकावर बसली.

"बसा, म्मे. त्याचंच चाललंय," केनेउवे म्हणाली. "न्ताते मोहापी, परदेशी पाहुणे तुमच्याकडे सगळ्यात जास्त काय मागतात?"

"ती शिंगाची चिलीम. कितीदा तरी विकत मागितली."

"ती चोरानं सोडली, म्हणजे त्याला विकायचं काही नव्हतं. त्याला हवं होतं बी. पण बी हवं असणारा माणूस चार बिया उचलतो, हे पाकिसोनंच मला सांगितलं. मूठभर घेतल्या असत्या तरी बुधवारी तुम्ही टाळ्यांच्या गजरात बरणी उघडली असती. तरी चोरानं ती जड बरणी अख्खी उचलली. का?"

पाकिसोनं घड्याळ बघायचं थांबवलं.

"कारण चोराला बी नकोच होतं. बुधवारी ते कुणी तपासू नये, एवढंच हवं होतं. तपासलं की कळणार होतं, बी मेलंय."

मोहापी ताडकन उठले. "मेलंय? काय वाट्टेल ते बोलता! मी स्वतः ते..."

"न्ताते, बसा." केनेउवेच्या आवाजात कालचा सगळा दिवस होता. "बी मेलंय हे कुणाला कळतं? ज्यानं पेरून पाहिलंय त्याला. मागच्या खोलीत दोन डबे आहेत, सगळ्यात चांगल्या उन्हात ठेवलेले. शेजारचा घेवडा वीतभर झालाय. या दोन डब्यांत कोंब नाही, तरी कुणीतरी त्यांना अजून रोज पाणी घालतंय. आशा सुटत नाही म्हणून." ती दाराकडे वळली. "आणि काल मी विचारलं, पाकिसोनं घेतली का? तर उत्तर आलं, त्याची निराशाच झाली असती. मात्लापेंगचं बी मिळाल्यावर पाकिसोची निराशा का व्हावी, लिखाफा?"

लिखाफानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"बरणी घेऊन तू शनिवारी बाहेर पडली असतीस तर गर्दीच्या टॅक्सीत सगळ्यांनी पाहिली असती. ती इथेच आहे. दाखवतेस, का मी शोधू?"

लिखाफा अंगणात गेली. तिथे पोरांना दाखवायला जुन्या पद्धतीची झोपडी बांधली होती. तिच्या कोपऱ्यात धान्य साठवायची, माणूस मावेल एवढी गवताची कणगी होती. लिखाफानं कणगीत हात घातला आणि बरणी बाहेर काढली.

"बल्ब," ती हुंदके देत म्हणाली. "न्तातेंनी मला सांगितलं होतं, बदल म्हणून. आज करते, उद्या करते करता हिवाळा गेला. मग पाकिसो एकदा बोलला की बी भाजेल, तेव्हा मी घाबरले. थोडं पेरून पाहिलं. नाही आलं. पुन्हा पेरलं, तरी नाही आलं. एका अख्ख्या खोऱ्याचं बी माझ्या आळसानं मेलं! बुधवारी मंत्र्यांसमोर... मला वाटलं, चोरीला गेलं म्हटलं की लोक शोधत तरी राहतील. मेलं म्हटल्यावर काय शोधणार? सेआबाताला पकडतील असं मनातही आलं नाही हो!"

"पकडल्यावर तरी बोलायचंस," केनेउवे म्हणाली.

"येणार होते. काल दोनदा ठाण्याच्या दारापर्यंत आले."

छप्पर, मंत्री, टाळ्या, सगळं मोहापींच्या डोळ्यांपुढून वाहून जात होतं. केनेउवेला मात्र कित्येक दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. प्रकरण सुटलं होतं.

तेवढ्यात पाकिसो म्हणाला, "थांबा."

६

त्यानं बरणीतली एक बी घेतली होती आणि नखानं चिरली होती. तो ती उजेडात धरून बघत होता.

"हे बल्बचं काम नाही. उष्णतेनं बी मरतं, पण आतून असं खरपूस होत नाही. हे बघा, गाभ्यापर्यंत तपकिरी. वास घ्या." त्यानं तळहात पुढे केला. "हे तव्यावर भाजलंय."

केनेउवेनं वास घेतला. भाजलेल्या शेंगदाण्यासारखा खमंग, जुना वास. मग तिची मान हळूहळू बाकाकडे वळली.

म्हातारीनं हात पुढे केला, एक बी उचलली, दाढेखाली फोडली आणि चवीनं चावली.

"जास्तच झाल्या होत्या जरा," ती म्हणाली. "घाई होती ना."

"म्मे!" मोहापींचा आवाज चिरकला. "तुम्ही? तुम्ही मला भाजलेलं बी दिलंत?"

"तुम्ही मागायला आलात त्या दिवशी एकटे आला होतात का, न्ताते? काचघरवाल्यांच्या गाडीतून आलात. हा पोरगा," तिनं काठी पाकिसोकडे रोखली, "गाडीत बसून माझ्या परसाकडे बघत होता. मान लांब करून. मी म्हटलं, बसा हं, बी काढून आणते. आत गेले आणि तवा ठेवला."

"तुम्ही चहा पीत होतात," ती पुढे म्हणाली. "वास कसला, असंसुद्धा विचारलंत. मी म्हटलं, नातवाच्या पेजेला दाणे भाजतेय. आम्ही अंगावरचं दूध तोडलं की पोरांना पेजेत हेच कुटून घालायचो, तेव्हा खोटंही नव्हतं अगदी."

पाकिसोला हसू आवरेना. मग त्याला आपली नोकरी आठवली आणि हसू मावळलं. केनेउवेला आता सेआबाताचं बोलणं कळलं. चुलीपुढे बसून म्हातारी म्हणत होती, नेऊ देत की रे! काल तिनं त्याला थकवा समजून सोडून दिलं होतं. ती स्वतःवरच चरफडली.

"पोराला का नाही सांगितलंत?"

"त्याच्या पोटात काही राहत नाही. तो खरोखर भांडला म्हणून तर तुम्हाला सगळ्यांना खरं वाटलं."

"आणि आता तो आत आहे."

म्हातारीचं तोंड पहिल्यांदाच उतरलं. "हो," ती म्हणाली. "तेवढं चुकलं."

लिखाफा अजून बरणी कवटाळून उभी होती. "म्हणजे... माझ्यामुळे नाही मेलं?"

"नाही गं पोरी," म्हातारी म्हणाली. "तू नुसती रडलीस."

७

ठाण्यात फौजदारानं सगळं ऐकून घेतलं आणि जांभई दिली.

"म्हणजे चोरी झालीच नाही. बरं. मग चोरीचं प्रकरण मिटलं. पोतं राहिलं."

"तक्रार नव्हती तर झडती झाली नसती. झडती नसती तर पोतं सापडलं नसतं," केनेउवे म्हणाली.

"पण सापडलं ना?"

घाट चढून तिनं साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, कायदा कायदा आहे, केनेउवे, तुला काय मी शिकवू? वर आणखी हसले. घाटापलीकडे दिवस उतरत होता आणि काचघरांची छपरं चमकत होती. त्या छपरांखाली अशी हजार पोती पिकत होती, परवाना भिंतीला टांगून. बरणी उचलणारी लिखाफा मोकळी होती, कारण मोहापींनी हात झटकले होते: मेलेल्या बियांची तक्रार कसली करायची? आणि ज्यानं बरणीला हातही लावला नव्हता तो आत होता. इतकी वर्षं गणवेश घालून केनेउवेला हे असं कधी एका जागी उभं राहून बघावं लागलं नव्हतं. किंवा तिनं बघितलं नव्हतं.

ती तरातरा संग्रहालयात परतली. मोहापी मंत्र्यांच्या कचेरीला फोन करायला शब्द जुळवत होते.

"न्ताते, चला. जामीन राहायला."

"मी? उद्या मंत्री, आणि आज मी गांजा नेणाऱ्याला जामीन? लोक काय म्हणतील?"

"तुमचं संग्रहालय कशाचं आहे?"

मोहापींनी टायची गाठ सैल केली.

"तुम्ही पोरांना सांगता की या झाडावर या डोंगरातली माणसं जगली. त्यातलाच एक कोठडीत आहे, तुमच्या एका शब्दावर. काचेमागे ठेवायला माणसं चालतात, शेजारी उभी केलेली चालत नाहीत, असं आहे का?"

मोहापींनी भिंतीवरची टोपी उचलली. वाटेत ते तीनदा म्हणाले की हे त्यांना मुळीच पटलेलं नाही. पण ठाण्यात त्यांनी सही केली, आणि फौजदारानं "नक्की का, सर?" म्हणून विचारल्यावर शाळेतल्यासारखे खेकसले, "एकदा सांगितलेलं कळत नाही?"

सेआबाता ब्लँकेट सावरत बाहेर आला. खटला चालणारच होता; पोतं ठाण्यातच राहिलं, आणि न्यायाधीश कोण मिळेल ते देव जाणे. पोराचा घोडा गेला होता घाटातल्या कुणाच्या तरी गोठ्यात. म्हणून केनेउवेनं मायलेकांना जीपमध्ये बसवलं. दार नेहमीसारखं लागेना. सेआबातानं ते आतून घट्ट धरलं.

घाट लागला तशी म्हातारी मागून म्हणाली, "पोरी, जरा लवकर हाक. पाऊस व्हायच्या आत नांगरट उरकायची आहे. तू याला आत घातलंस आणि माझा हंगाम खोळंबला."

"मी नाही घातलं!" केनेउवे चिडून म्हणाली.

आणि मग सवयीनं, इतक्या वर्षांच्या सवयीनं, तिची नजर आरशात गेली. म्हातारी खिडकीबाहेर डोंगराकडे बघत होती. सेआबातानं दार आणखी घट्ट धरलं.

केनेउवेच्या ओठांवर प्रश्न आला होता. तिनं तो गिळला, गिअर बदलला, आणि दुसराच विचारला.

"काय पेरणार, म्मे? मका?"

"मकासुद्धा," म्हातारी म्हणाली.